मशीन नक्की कुणासाठी घेतलंत?

आज सकाळी एका मित्राने नव्याकोऱ्या स्नोब्लोअरचा, म्हणजे दारातला बर्फ उडवून साफ करणाऱ्या मशीनचा, फोटो टाकला. वर लिहिलं होतं, ‘फावड्याला कायमचा रामराम!’ खाली अभिनंदनाचा पाऊस आणि हॉर्सपॉवरच्या चौकशा. कुणीतरी विचारलं, ‘वहिनींना चालवता येतं का रे?’ त्यावर साहेबांचं उत्तर म्हणजे ओळीने हसणारे चेहरे. तिथेच माझं डोकं फिरलं.

हा माणूस अर्धा महिना कामासाठी बाहेरगावी असतो. बर्फ काय त्याचं वेळापत्रक बघून पडणार आहे? मुलांना शाळेत सोडायच्या वेळी गाडी बर्फातून बाहेर काढणार कोण? तिला सोडून बाकी अख्ख्या जगाचा सल्ला घेऊन झाला.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. त्यांच्या यजमानांनी मोठ्या हौसेनं पेट्रोलचं मशीन घेतलं होतं. दोन टप्प्यांचं, म्हणजे पुढचा स्क्रू बर्फ आत ओढतो आणि मागचा पंखा तो लांब भिरकावतो. सगळी गल्ली कौतुक करायची. मग आजोबा गेले. पुढच्या हिवाळ्यात आजी बागेतल्या छोट्या फावड्याने पायऱ्या खरवडताना दिसल्या, आणि गॅरेजमध्ये ते शंभरेक किलोचं धूड ट्रॉफीसारखं उभं. मी विचारलं तर त्यांनी दोरी ओढून दाखवली. मुठीला फडकं गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरली, अंग मागे टाकलं. दोरी वीतभर बाहेर आली आणि फटकन आत गेली. इंजिनाने हूं की चूं केलं नाही. आजी हसल्या आणि म्हणाल्या, ‘यांचं ऐकायचं ते.’

हो, लांबलचक ड्राइव्हवे असेल आणि दर आठवड्याला गुडघाभर बर्फ पडत असेल तर मशीनला पर्याय नाही. मान्य. पण आपल्यापैकी बहुतेकांना दोन गाड्यांपुरती जागा आणि चार पायऱ्या साफ करायच्या असतात.

दुसरी जमात त्याहून वाईट. ‘मशीन कशाला, फावडं मारा, फुकटात व्यायाम!’ अरे, जरा हिशोब करा. पन्नास चौरस मीटर जागेवर दहा सेंटीमीटर बर्फ म्हणजे पाच घनमीटर. ताजा, कोरडा, भुसभुशीत असला तरी साधारण पाचशे किलो. ओला असला तर दीड टनाच्या घरात सहज जातो. त्यात रस्ता साफ करणारी गाडी जाताजाता आपल्या दारात जो दगडासारखा बांध घालून जाते, तो वेगळाच. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, रक्तदाब चढलेला, आणि माणूस झोपेतून उठून थेट वजनं उचलायला लागतो, तीही श्वास रोखून. हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर या कामापासून लांब राहायला सांगतात ते उगाच नाही. याला व्यायाम म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या वडिलांच्या हातातलं फावडं काढून घ्यावं.

मग घ्यायचं काय? माझा निकष एकच. घरात जो कोणी बर्फ काढणार आहे, त्यातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला ते एकट्याने वापरता आलं पाहिजे. ही कसोटी लावली की अर्धी दुकानदारी आपोआप गळते. आजींच्या मशीनचं काय झालं असतं सांगा! पहिल्याच प्रश्नाला बाद.

खरं तर बर्फ उचलायचाच नसतो, ढकलायचा असतो. रुंद, वळलेल्या पात्याचं ढकलायचं फावडं वेगळं आणि उचलून फेकायचं खोलगट फावडं वेगळं, एवढं साधं लोक लक्षात घेत नाहीत. एकच सगळ्यात रुंद उचलतात, कारण ‘एका दमात जास्त निघेल’. निघतो ना, कमरेसकट! उचलायचं पातं लहानच बरं. प्लास्टिक हलकं असतं आणि लाकडी डेकवर ओरखडे पाडत नाही, पण घट्ट बसलेल्या थरापुढे नांगी टाकतं. तिथे धातूची कड हवी. वाकड्या दांड्याला मी आधी हसायचे, पण पाठ कमी वाकते हे खरं. मोठा ढीग हलवायला दोन्ही हातांनी ढकलायचं घसरगाडीसारखं स्कूप मिळतं, ते उचलावंच लागत नाही. पात्याला थोडं मेण किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारला की ओला बर्फ चिकटून बसत नाही. आणि बर्फ पडत असतानाच दोनदा ढकलून या. थांबायची वाट बघितली की तो दबून जड होतो.

मशीनच हवं असेल तर लहान जागेला इलेक्ट्रिक बघा. बटण दाबलं की सुरू. दोरी नाही, पेट्रोल शिळं होणं नाही. बॅटरी मात्र घरात उबेला ठेवा, थंडीत ती लवकर मान टाकते. रबरी पात्यांचं एका टप्प्याचं मशीन जमीन घासत जातं, म्हणून खडीवर नको, खडे उडतात. आणि बर्फ तोंडाशी अडकला तर हात घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी नाही! पट्ट्यात ताण उरलेला असतो, पातं झटक्यात फिरतं आणि बोटं जातात. काठीनेच काढायचा. पेट्रोलचं मशीन बंद गॅरेजमध्ये चालू करू नका, हेही सांगायला लागतं, कारण लोक करतात.

मित्राचा राग आता थोडा ओसरलाय. वाईट माणूस नाही तो. आजोबाही नव्हते. आजींना थंडीत बाहेर पडायला लागू नये म्हणूनच तर त्यांनी ते मशीन घेतलं होतं. पण घेताना एकदा, फक्त एकदा, ‘तू ओढून बघ गं’ म्हणाले असते तर दुकानातच कळलं असतं. याचंच वाईट वाटतं, आणि याचाच परत राग येतो.

तेव्हा खरेदीला जाताना ज्याला काम करायचंय त्याला बरोबर न्या. फावडं उभं धरून बघू दे, दांडा छातीपर्यंत आला की बरा. मशीन असेल तर सुरू करून, वळवून, मागे ओढून बघू दे. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि घरात सहा फुटी एक आणि पाच फुटी एक असेल तर दोन फावडी घ्या, एवढी काटकसर नको. तुमच्याकडे दांडा कुणाच्या मापाचा आहे, खाली लिहा बघू.