‘तीन पेपर नसतील तर मेडिकल विसरा’: अमेरिकेतल्या मराठी पालकांमध्ये फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो चार जणांकडून आला. शेवटचा आमच्या मंडळातल्या एका आईने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, हे खरं आहे का? मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकही पेपर नाही. दोन दिवस झोप नाही.’

मेसेजमध्ये थोडक्यात असं म्हटलंय: अमेरिकेत मेडिकल कॉलेजला प्रवेश हवा तर अर्ज करेपर्यंत किमान तीन रिसर्च पेपर छापून आलेले हवेत, नाहीतर अर्ज कोणी वाचतही नाही. न्यूरोसर्जरीकडे गेलेल्या मुलांचे तर वीस-पंचवीस पेपर असतात. पेपरवर पहिलं नाव असेल तरच तो मोजतात. जर्नल कोणतं याला महत्त्व नाही, पैसे भरून महिन्याभरात छापून मिळतं. आणि हॉस्पिटलमधली स्वयंसेवा, डॉक्टरांबरोबर फिरणं यात वेळ घालवू नका, ते सगळेच करतात.

मी बारा वर्षं एका विद्यापीठाच्या बायोलॉजी लॅबमध्ये काम करते. प्रीमेडची, म्हणजे मेडिकलला जायची तयारी करणारी कॉलेजची मुलं आमच्याकडे येतात. त्यांना पिपेट धरायला शिकवण्यापासून त्यांच्या शिफारसपत्राचा पहिला मसुदा लिहिण्यापर्यंत बरंच काम माझ्याकडे असतं. म्हणून या मेसेजला सविस्तर उत्तर लिहावंसं वाटलं.

आधी ‘अर्ज वाचतही नाहीत’ हे घेऊ. अमेरिकेत एमडी ही कॉलेजच्या पदवीनंतर घ्यायची डॉक्टरकीची मूळ पदवी. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज एएमसीएएस या एकाच व्यवस्थेतून जातो. त्यात मुलांनी कॉलेजच्या काळात काय काय केलं ते सांगायला जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात. प्रत्येक नोंदीला ७०० अक्षरांची जागा, आणि त्यातल्या तीन ‘सर्वांत महत्त्वाच्या’ म्हणून निवडल्या की त्यांना आणखी १,३२५ अक्षरं. नोंदीचा प्रकार निवडायच्या यादीत ‘रिसर्च/लॅब’ वेगळं आहे, ‘पोस्टर आणि सादरीकरण’ वेगळं आहे आणि ‘प्रकाशनं’ हा आणखी एक प्रकार आहे. तो रिकामा राहिला म्हणून अर्ज अडत नाही, लाल खूणही येत नाही.

हा अर्ज चालवणारी मेडिकल कॉलेजांची संस्था, एएएमसी, दरवर्षी अर्जदार आणि प्रवेश मिळालेल्यांचे तक्ते जाहीर करते. २०२३-२४ च्या वर्षासाठी ५२,५७७ जणांनी अर्ज केला आणि २२,९८१ जण दाखल झाले. दाखल झालेल्यांचा सरासरी जीपीए (कॉलेजमधल्या गुणांची सरासरी) ४ पैकी ३.७७ च्या आसपास, एमसीएटी या प्रवेश परीक्षेचे गुण ५२८ पैकी ५११ ते ५१२ च्या दरम्यान. पेपरांची सरासरी असा रकाना त्या तक्त्यांत नाही. कॉलेजनिहाय माहितीसाठी एमएसएआर हा त्यांचाच संग्रह आहे. दाखल झालेल्या मुलांपैकी किती टक्क्यांनी रिसर्च केला, किती जणांनी रुग्णसेवेशी संबंधित स्वयंसेवा केली, किती जणांनी डॉक्टरांचं काम जवळून पाहिलं, हे त्यात दिलेलं असतं. रिसर्चचा आकडा बऱ्याच कॉलेजांत मोठा दिसतो, हे मान्य. पण तिथे मोजलाय तो लॅबमधला अनुभव, छापलेला पेपर नव्हे. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन गोष्टी एकच समजल्या, आणि सगळी गफलत तिथून सुरू होते.

आता ते ‘वीस-पंचवीस पेपर’. हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो लोकांना पटतो. अमेरिकेत एमडी झाल्यावर स्पेशलायझेशनसाठी रेसिडेन्सी मिळवायची असते. ते ‘मॅच’ चालवणारी एनआरएमपी ही संस्था अधूनमधून अहवाल काढते. २०२२ च्या अहवालात न्यूरोसर्जरीला जागा मिळालेल्या अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांच्या नावावर रिसर्चच्या सरासरी २५.५ नोंदी होत्या. पण हे विद्यार्थी मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या वर्षातले. चार वर्षांत, कित्येकदा मध्ये एक वर्ष फक्त रिसर्चला देऊन, त्यांनी हे जमवलेलं असतं. आणि या आकड्यात अ‍ॅबस्ट्रॅक्ट, पोस्टर, भाषणं आणि पेपर सगळं एकत्र धरलेलं असतं. एकच काम दोन परिषदांत मांडलं आणि मग छापलं की त्याच्या तीन नोंदी होतात. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेची पहिली पायरी फक्त पास-नापास झाली. गुणांवरून निवड करायची सोय गेल्यावर रेसिडेन्सीच्या अर्जात रिसर्चचं वजन वाढणार अशी चर्चा तेव्हापासून आहे.

तुमचा पुतण्या पुण्यात किंवा मिरजेत एमबीबीएस करून यूएसएमएलईची तयारी करत असेल तर त्याला ‘पेपरकडे लक्ष दे’ असं सांगणं योग्यच आहे. तो ज्या पायरीवर उभा आहे तिथे ते लागतं. तोच सल्ला एकोणीस वर्षांच्या, अजून ऑरगॅनिक केमिस्ट्रीशी झुंजणाऱ्या मुलीला दिला की तिचं नुकसान होतं. (महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनीही हा मेसेज पुढे पाठवलेला दिसतो. तिथे एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीच्या मुलामागे पेपरचा लकडा लावायचं काहीच कारण नाही.)

मेसेजमध्ये खरं किती, तेही सांगते. एमडी-पीएचडीला, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा दोन्ही पदव्या एकत्र घ्यायला जायचं असेल तर रिसर्च हाच अर्जाचा कणा. तिथे वेगळा रिसर्च निबंध लिहावा लागतो, त्याला १०,००० अक्षरांची जागा असते आणि मुलाखती घेणारे स्वतः लॅब चालवणारे लोक असतात. क्लीव्हलँड क्लिनिकचं लर्नर कॉलेज मुळात संशोधक डॉक्टर घडवण्यासाठी काढलेलं, पाच वर्षांचा अभ्यासक्रम असलेलं. तिथे रिसर्चचा अनुभव नसलेल्या मुलाचा अर्ज फिका पडणारच. अशा ठिकाणी पेपर असला तर मदत होते. तरी तिथेही पेपर नसलेली मुलं जातात, कारण मुलाखत घेणाऱ्यांचा प्रश्न असतो: तू दोन-तीन वर्षं ज्या प्रश्नामागे होतास, तो तुला किती खोलवर कळलाय?

‘पहिलं नाव’ हा मुद्दा वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण लॅबचं काम कसं चालतं हे माहीत नसल्याखेरीज कोणी असं लिहिणार नाही. बायोलॉजीच्या पेपरवर पहिलं नाव सहसा त्या पीएचडीच्या विद्यार्थ्याचं किंवा पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणाऱ्या संशोधकाचं) असतं, ज्याने त्या कामाला वर्षानुवर्षं दिलेली असतात. शेवटचं नाव लॅबप्रमुखाचं. आठवड्याला आठ-दहा तास येणारं कॉलेजचं मूल मधे कुठेतरी असतं, आणि ते असणंही कमावलेलं असतं. नाव कोणाचं लावावं याचे आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या समितीने चार निकष ठरवलेत: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा चिकित्सकपणे तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि पूर्ण कामाची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही हवेत. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने हे चारही पूर्ण करून पहिलं नाव मिळवणं फार विरळा. जे होतं त्याला बहुधा योग्य प्रकल्प, योग्य वेळ आणि नशीब यांची साथ असते.

वेळेचं गणितही पाहा. मूल दुसऱ्या वर्षी लॅबमध्ये आलं की पहिले सहा महिने शिकण्यात जातात. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, जूनच्या सुमाराला अर्ज भरायचा. मधे उरतं वर्ष-सव्वा वर्ष. एवढ्यात प्रयोग जमायचा, लिहून व्हायचा, तज्ज्ञांनी तपासायचा, त्यांनी सांगितलेले जास्तीचे प्रयोग करायचे आणि मग छापायचं! आमच्या लॅबमधला पेपर जर्नलकडे पाठवल्यापासून छापून यायलाच कधी कधी वर्ष लागतं.

एक मुलगी आमच्याकडे अडीच वर्षं होती. तिच्या वाट्याला एक प्रोटीन शुद्ध करण्याचं काम आलं आणि ते प्रोटीन शेवटपर्यंत विरघळलेलं राहिलं नाही. तिने तापमान बदललं, मीठ बदललं, बॅक्टेरियाची जात बदलली. वहीची पानंच्या पानं ‘पुन्हा खाली बसलं’ एवढ्याच निष्कर्षाची. पेपर तर सोडाच, पोस्टरही झालं नाही. मेडिकलच्या मुलाखतीला एका डॉक्टरांनी याच कामाबद्दल विचारलं आणि वीस मिनिटं तेवढंच बोलणं झालं. काय फसलं, का फसलं असं तिला वाटतं, पुढचा प्रयोग कोणता केला असता. आज ती तिसऱ्या वर्षाची मेडिकल विद्यार्थिनी आहे. त्याच वर्षी दुसऱ्या लॅबमधून आलेल्या एका मुलाची सराव मुलाखत मी घेतली. त्याचं नाव एका चांगल्या पेपरवर सहावं होतं. मी विचारलं, यातली दुसरी आकृती काय सांगते? त्याला सांगता आलं नाही. त्याने तो पेपर पूर्ण वाचलेलाच नव्हता. मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की नाव लागलं की काम झालं.

आणि आता ‘जर्नल कोणतंही चालतं’. हा मेसेजमधला सर्वांत घातक भाग.

पैसे घेऊन, कोणाही तज्ज्ञाकडून न तपासता छापणाऱ्या नियतकालिकांना ‘प्रिडेटरी’ म्हणतात. हा शब्द रूढ केला कोलोरॅडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी. हैदराबादच्या ओमिक्स समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये खटला भरला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना पाच कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. आपल्या पुण्यातून झालेलं कामही मोलाचं आहे. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली हजारेक नियतकालिकं तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त दर्जाला उतरली नाहीत. हे २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. त्याच वर्षी यूजीसीने आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. म्हणजे जी गोष्ट भारतातल्या प्राध्यापकांच्या बढतीसाठीही चालेनाशी झाली, ती आपण इथे आपल्या मुलांच्या अर्जात घालायला निघालो आहोत.

शुल्क घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असतं असं नाही. चांगली ओपन अ‍ॅक्सेस (कोणालाही मोफत वाचता येणारी) जर्नलंही छपाईचे पैसे घेतात, पण ते पैसे साधारणपणे लॅबच्या अनुदानातून जातात, पालकांच्या क्रेडिट कार्डावरून नव्हे. ‘तीस दिवसांत हमखास’ असं कोणी म्हणालं की समजावं, तपासणी होणारच नाही. आणि छापलेला पेपर पुसता येत नाही. प्रवेश समितीत बसलेले अनेक जण स्वतः संशोधक असतात. जर्नलचं नाव पाहून त्यांना सगळं कळतं. ज्या कामात आपला वाटा नाही त्यावर नाव लावून घेतलं तर तो थेट खोटेपणा. अर्ज पाठवताना मुलाने सही केलेली असते की यातलं सर्व खरं आहे, आणि खोट्या नोंदींची एएएमसी चौकशी करते. वीस वर्षांच्या मुलाला आईवडिलांनी पैसे देऊन या फासात घालावं, हे मला सहन होत नाही.

शेवटचा सल्ला, रुग्णांपासून लांब राहण्याचा. आयुष्यभर आजारी माणसांबरोबर राहायला निघालेल्या मुलाने आधी आजारी माणसं पाहावीत, ही अपेक्षा रास्त आहे. अ‍ॅम्ब्युलन्सवर ईएमटीचं, म्हणजे तातडीच्या उपचारांचं काम, डॉक्टरांसाठी स्क्राइब म्हणून नोंदी लिहिणं, हॉस्पिसमध्ये मरणाच्या वाटेवरच्या माणसाजवळ नुसतं बसणं. यातून मुलाला स्वतःलाच कळतं की हे काम आपल्याला झेपेल का. काहींना कळतं की झेपणार नाही, आणि तेही वेळेवर कळणं बरं.

ज्याने खरोखर फरक पडतो ते मेसेजमध्ये कुठेच नाही. तुम्ही कोणत्या राज्याचे रहिवासी आहात? टेक्सासमधल्या सरकारी मेडिकल कॉलेजांत किमान ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांना असतात. मिसिसिपीचं सरकारी मेडिकल कॉलेज फक्त त्या राज्याच्याच रहिवाशांना घेतं. आणि आपल्याकडच्या अनेक घरांसाठी याहून मोठा प्रश्न व्हिसाचा आहे. मूल इथेच वाढलं, इथेच शिकलं, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल तर अर्जात ते परदेशी विद्यार्थी ठरतं. बरीच कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत, आणि सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. पेपरच्या काळजीत घालवलेल्या दोन रात्री त्या आईने कॉलेजांची यादी काढण्यात घालवल्या असत्या तर उपयोग झाला असता.

तिला मी फोन केला. मुलगा काय करतो विचारलं. दर शनिवारी एका मोफत दवाखान्यात मराठी-हिंदी बोलणाऱ्या आजीआजोबांसाठी दुभाषाचं काम करतो, आणि जानेवारीपासून एका लॅबमध्ये झेब्राफिशच्या (प्रयोगांसाठी पाळलेल्या छोट्या माशांच्या) टाक्या धुतो, म्हणाली. टाक्या धुण्याचं सांगताना तिचा आवाज पडला होता. मी म्हटलं, धुऊ द्या. लॅबमध्ये सगळे तिथूनच सुरुवात करतात. उन्हाळ्याआधी त्याने लॅबप्रमुखांकडे स्वतःचा छोटा प्रश्न मागावा, आठवड्याच्या मीटिंगला बसावं, वही नीट लिहावी. अर्जाच्या वेळी एखादं काम जर्नलकडे गेलेलं पण स्वीकारलेलं नसेल, तर ते ‘प्रकाशनं’मध्ये टाकू नये, ‘रिसर्च/लॅब’च्या नोंदीत ‘तपासणीसाठी पाठवलं आहे’ एवढं लिहावं. आणि शिफारसपत्र मागायला मे महिन्यापर्यंत थांबू नये. ज्यांनी त्याला रोज काम करताना पाहिलंय त्यांच्याकडे फेब्रुवारीतच जावं.