ग्रीन टी हे औषध नाही हो!

ओळखीत कोणी ग्रीन टी घेताना दिसलं की मी चेहरा बघते. नव्वद टक्के वेळा काढा पितानाचा चेहरा असतो. वजन, साखर, कोलेस्टेरॉल, कारणं हीच. 'आवडतो म्हणून पितो' असं म्हणणारं माणूस विरळाच. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ज्या देशात हा चहा जन्मला तिथे तो चवीसाठी पितात.

कामानिमित्त काही महिने चीनमधल्या हांगझोऊला राहिले, तेव्हा हे कळलं. शहराला लागून शीहू तलाव आणि त्यापलीकडच्या टेकड्यांवर लोंगजिंग नावाच्या ग्रीन टीचे मळे. एप्रिलच्या सुरुवातीला चिनी लोकांचा पूर्वजांच्या स्मरणाचा छिंगमिंग सण येतो. त्याआधी खुडलेल्या कोवळ्या पालवीला सगळ्यात जास्त मान. खुडलेलं पान थोडं सुकवून लोखंडी कढईत भाजतात. त्या उष्णतेमुळे पान काळं पडायचं थांबतं आणि हिरवं राहतं. कारागीर तापलेल्या कढईच्या अंगाला उघड्या हाताने पानं दाबतो, भाकरी थापावी तसं, पण कितीतरी हलकं. म्हणून लोंगजिंगचं पान चपटं असतं. एक किलो सुका चहा व्हायला चार-पाच किलो ओली पानं लागतात. हे बघितल्यावर चहा गटकन पिऊन टाकणं मला जमेनासं झालं.

सुटी पानं पाण्यात टाकायची ही पद्धत तिथेही कायमची नव्हती. पूर्वी चहाच्या वड्या करत, त्या दळून पूड घुसळून पीत. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने राजदरबारात वड्या पाठवणं बंद करवलं आणि सुट्या पानांना राजमान्यता मिळाली. (आपला 'चहा' हा शब्दही मुळात चिनी 'छा'च.)

आता आपल्याकडचा तो कडूपणा. बहुतेक पिशव्यांमध्ये पानांचा बारीक चुरा असतो. त्यावर आपण खळखळतं पाणी ओततो आणि पिशवी दहा मिनिटं तशीच ठेवतो. तुरटपणा भसाभस उतरणारच! मग तो झाकायला लिंबू आणि मध. चांगल्या पानाला यातलं काहीच लागत नाही. फक्त पाणी ऐंशी अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नको, उकळी आली की पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि चार-पाच मिनिटं थांबा. काचेचा साधा उभा ग्लास घ्या, त्यात तीन ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे पानं. गाळणी नको. पानं आधी वर तरंगतात, मग एकेक करून खाली उतरतात. ते बघण्यासाठीच काच.

ग्लास रिकामा करायचा नाही, ही तिथे शिकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट. तळाशी एक तृतीयांश चहा ठेवायचा आणि त्यावरच नवं पाणी घालायचं. दह्याचं विरजण राखावं तसं. म्हणजे दुसरा ग्लासही फिका होत नाही. मला तर दुसरं पाणीच जास्त आवडतं.

विकत घेताना खुडणीचं वर्ष विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर घेऊ नका. जुना हिरवा चहा गवतासारखा लागतो. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेड आणि मसाल्यांपासून लांब ठेवा. महाग आहे, हे खरं. पण पन्नास ग्रॅममध्ये पंधरा-सोळा वेळा होतो, आणि प्रत्येक वेळी तीन ग्लास.

आईचा सकाळचा दुधाचा, आल्याचा चहा आमच्याकडे आहे तसाच आहे. तो सोडायचा प्रश्नच येत नाही. पण परवा दुपारी तिने माझ्या ग्लासातला एक घोट घेतला, थांबली आणि म्हणाली, "अगं, याला फुटाण्यांचा वास येतोय." भाजल्याचा तो वास तिला पहिल्याच घोटात सापडला. आता जेवण झालं की विचारते, "त्या पानांत अजून पाणी घालता येईल का गं?"