डेंग्यूचा पेशंट बरळायला लागला तर "झोपू द्या" म्हणू नका

"डेंग्यू हा रक्ताचा आजार आहे, मेंदूशी त्याचा काही संबंध नाही. ताप उतरल्यावर पेशंट बरळला किंवा नुसता झोपून राहिला तर घाबरू नका, तो अशक्तपणा असतो. त्याला उठवू नका. हॉस्पिटलवाले एमआरआय सांगतील, पाठीतलं पाणी काढतील आणि माणूस कायमचा लुळा होईल." पावसाळा लागल्यापासून हा मेसेज फिरतोय. त्याच्या पुढे झटका आल्यावर कांदा हुंगवायचा सल्ला, पपईच्या पाल्याचा रस, आणि शेवटी "दहा जणांना पाठवा, एखादा जीव वाचेल."

तो मेसेज माझ्या वहिनीपर्यंत पोचला. तिच्या वडिलांना डेंग्यू झाला होता. ताप उतरून एक दिवस झाला होता, आणि दुपारी चहा द्यायला गेलेल्या पोटच्या मुलीला ते "तुम्ही कोणाकडच्या?" असं विचारत होते. वहिनीने मला फोन केला तो घाबरून नाही. "ताई, अण्णा झोपलेत, तर उठवायचं नाही ना?" एवढंच तिला विचारायचं होतं. त्यांना उठवून दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातलं सोडियम खूप खाली गेलेलं निघालं. ते सावकाश वर आणलं, आता अण्णा बरे आहेत. पण ती रात्र घरी काढली असती तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तरी या मेसेजला उत्तर देण्याइतकं मला नक्की माहीत आहे.

आधी "मेंदूशी संबंध नाही" हे घेऊ. डेंग्यूचा विषाणू ज्या कुळातला, त्याच कुळात जपानी मेंदूज्वराचा विषाणू आहे, वेस्ट नाईल आहे, झिकाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये तीव्र डेंग्यूची व्याख्या नव्याने केली. तिच्यात गंभीर रक्तस्राव आणि रक्तातलं पाणी झिरपून येणारा शॉक (रक्तदाब एकदम पडणं) यांच्या जोडीला अवयवांवरचा गंभीर परिणाम आहे, आणि त्यात शुद्ध हरपणं स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे.

त्याआधी, २००० साली, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दक्षिण व्हिएतनामच्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास आला होता. मेंदूच्या संसर्गाचा संशय असलेले ३७८ रुग्ण तपासले, त्यातल्या १६ जणांना डेंग्यू निघाला. नंतर आणखी ५ रुग्ण सापडले. या २१ जणांत मुख्य लक्षणं दोनच: शुद्ध कमी होणं आणि झटके. सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण ६ जण घरी जाताना मेंदूचं काही ना काही दुखणं घेऊन गेले. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. २१ पैकी १२ जणांमध्ये दाखल होताना डेंग्यूची ओळखीची लक्षणंच नव्हती. आमच्या काउंटरवर रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न येतो, "प्लेटलेट किती?" आकडा बरा असला की चेहरा खुलतो आणि कागद पिशवीत जातो. पेशंट नीट बोलतोय का, हे त्या कागदावर कुठेच नसतं. ते घरच्यांनाच बघावं लागतं.

आता "ताप उतरला की झोपू द्या". या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण ते नेमकं उलटं आहे. डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप उतरण्याच्या सुमारास सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि २४ ते ४८ तास टिकतो. याच वेळी रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब पडतो. मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस आधी चिडचिडा होतो, मग सुस्तावतो. यकृत बिघडलं तरी तेच, सोडियम घसरलं तरी तेच, मेंदूत रक्तस्राव झाला तरी सुरुवात अशीच होऊ शकते. आणि कधी विषाणू स्वतःच मेंदूपर्यंत पोचलेला असतो. मेंदूभोवतालच्या पाण्यात तो सापडल्याच्या नोंदी आहेत. यातलं काय झालंय हे पलंगाशेजारी उभं राहून कुणालाच सांगता येत नाही. त्याला रक्ततपासणी लागते, कधी स्कॅन लागतो.

अशक्तपणा असतोच, तेवढं मान्य. डेंग्यूनंतर माणूस पंधरा दिवस गळून गेलेला असतो, आणि बहुतेकांच्या मेंदूला काहीही होत नाही. पण थकलेला माणूस हाक मारल्यावर डोळे उघडतो, आपल्याला ओळखतो, पाणी मागतो आणि कूस बदलून पुन्हा झोपतो. जो नाव चुकतो, असंबद्ध बोलतो, हलवूनही धड जागा होत नाही, त्याला लगेच दवाखान्यात न्यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्री दोन-तीनदा उठवून "आज वार कोणता? मी कोण?" एवढं विचारलं तरी फरक कळतो.

झटक्यांबद्दल मेसेज म्हणतो, तापाने येतात आणि आपोआप जातात. लहान मुलांना तापाचे झटके येतात आणि बहुतेकदा ते निरुपद्रवी असतात, हे खरं. पण मोठ्या माणसाला झटका आला, किंवा ताप उतरल्यावर मुलाला आला, तर तो तापावर ढकलता येत नाही. कांदा, चप्पल यांतलं काही नको. कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी काहीही घालू नका, आणि गाडी बोलवा.

पाठीतलं पाणी काढणं म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतालचं पाणी तपासायला कमरेतून सुईने काढणं; त्याने लुळेपणा येतो ही भीती जुनी आहे. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते. डेंग्यूत प्लेटलेट फार कमी असतील तर रक्तस्रावाच्या भीतीने डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात. एमआरआयमध्ये तर सुई मेंदूच्या आसपासही जात नाही.

"पाय लुळे पडले तर तो पाण्यातून होणारा जीबीएस, डेंग्यू नव्हे" असंही मेसेजमध्ये एक वाक्य आहे. जीबीएस म्हणजे गुइलेन-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटून हातपाय लुळे पडतात तो आजार. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू चर्चेत होते, तिथूनच हे उचललेलं दिसतं. जीबीएस डेंग्यूनंतरही होतो, क्वचित पण होतो. शिवाय डेंग्यूत पोटॅशियम घसरून हातपाय एकाएकी गळाल्याचे रुग्ण भारतातल्या डॉक्टरांनी वारंवार नोंदवले आहेत. वेळेत कळलं तर पोटॅशियम भरून काढल्यावर असा माणूस बहुधा लवकर उभा राहतो. ते कळायला एक नळी रक्त पुरतं, पण त्यासाठी तो दवाखान्यात पोचायला हवा.

पपईच्या पाल्याने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. मेंदूवरचा परिणाम त्याने टळतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट्या होत नसतील तर रस प्या, पण त्याच्या भरवशावर कुणाला घरी ठेवू नका. तापाला डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, त्याने रक्तस्राव वाढतो.

हा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी तो फक्त डिलीट करून थांबू नये. ज्यांना पाठवला त्यांच्यापैकी कुणाच्या घरी आत्ता डेंग्यूचा पेशंट आहे का, ते आज फोन करून विचारा, आणि असेल तर त्याला हाक मारून बघायला सांगा.