बारा वर्षांची हमी द्या, दीडशे पौंड घ्या

सिव्हिल करून इंग्लंडात आला आहात आणि इथं कुठला धंदा टाकावा या विचारात असाल, तर माझं ऐका. नव्या घरांची हवाबंदी तपासायचं काम धरा. याच्याइतका निर्धोक धंदा दुसरा नाही. घराच्या दारात कापडाची चौकट ताणून बसवायची, तिच्यात पंखा अडकवायचा, आतला आणि बाहेरचा दाब यांत ५० पास्कलचा फरक पाडायचा आणि फटींतून किती हवा जाते-येते ते मीटरवर वाचायचं. पूर्वी साइटवरची काही घरं नमुन्याला तपासली की भागायचं. २०२२ मध्ये लागू झालेल्या नियमांनी प्रत्येक नव्या घराची चाचणी सक्तीची केली. भिंती, छत, जमीन मिळून जे क्षेत्रफळ होतं, त्याच्या दर चौरस मीटरमागे तासाला ८ घनमीटरपेक्षा जास्त गळती चालत नाही. थोडक्यात, कामाला मरण नाही. तुम्हाला आहे, पण त्याकडे येतोच.

एवढं ज्ञान वाटावंसं वाटलं, कारण परवा एका बिल्डरकडून ईमेल आला. चाचण्या झाल्या, रिपोर्ट दिले, घरं विकलीही गेली. माझं बिल मात्र 'अकाउंट्सकडे'. सोबत जाडजूड करारनामा आणि खाली गोड ओळ: एवढी सही करून पाठवा, लगेच पैसे सोडतो. काम आधी, करार नंतर. तर सल्ला ऐका.

विमा पोटभर घ्या. हाताखाली एक पोरगा ठेवलात तरी १९६९ च्या कायद्यानं किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी, म्हणजे कामावर नोकराला इजा झाली तर भरपाईचा विमा, लागतो. दुसरा पब्लिक लायबिलिटी, तिऱ्हाइताचं नुकसान झालं तर. जुन्या घरात चिमणी नीट न झाकता पंखा चालवलात, तर साठलेली काजळी भसकन दिवाणखान्यात उतरते. अशा घरातला गालिचा पांढराच असतो, हा निसर्गनियम आहे. तिसरा प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे पीआय. आकडा चुकला, सल्ला चुकला तर हा धावून येतो. असं ब्रोकर म्हणतो.

पीआयची खुबी अशी की ज्या वर्षी काम केलंत त्या वर्षीची पॉलिसी कामाला येत नाही. दावा येईल त्या वर्षीची चालू लागते. तेव्हा धंदा बंद करा, पुण्याला परत जा, बाल्कनीत चहा पीत बसा, पण 'रन-ऑफ'चा हप्ता भरत राहा. किती वर्षं? साध्या करारावर सहा. दस्त म्हणून, म्हणजे 'डीड' म्हणून सही केलीत तर बारा. शिवाय २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यानं सदोष घरांच्या दाव्यांची मुदत १५ वर्षांवर नेली, आणि २८ जून २०२२ च्या आधी झालेल्या कामांना तर ३०. नुसता मोजणारा माणूस त्या कायद्यात बसतो की नाही? यावर वकील दोन्ही बाजूंनी फी घेतात.

मीटरचं कॅलिब्रेशन चुकवू नका. चुकलं की त्याच आठवड्यातल्या घरावर दावा येतो.

माणुसकीनं बोलू नका. घरमालकिणीला सहज 'सॉरी हं' म्हणालात, तर विमा कंपनी त्याला कबुलीजबाब म्हणू शकते.

फोटो काढा. दाराचे, खिडक्यांचे, चिकटपट्टी लावलेल्या व्हेंट्सचे. जमल्यास साइट मॅनेजरच्या चेहऱ्याचाही.

आकडा चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नका. गळकं घर निघालं तर तुम्ही बिल्डरचा हँडओव्हर अडवता. फार घट्ट निघालं, म्हणजे तोच गळतीचा आकडा ३ च्या खाली गेला आणि हवेसाठी नुसत्या खिडकीवरच्या झडपा ठेवलेल्या असल्या, तर नियमांप्रमाणे वायुवीजनाचा पुन्हा विचार करावा लागतो. तो कोण करतो? कुणीच नाही. दोन हिवाळ्यांनी बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरते, आणि घरात पंखा लावून गेलेला एकच माणूस सगळ्यांना आठवतो.

आता त्या कराराकडे वळू. सही बिनधास्त करा, वाचू नका; वाचलात तर झोप जाईल. मी वाचला. कलम असं, की घर 'हेतूस योग्य' राहील याची हमी तपासनीस देतो. तीही डीडवर, बारा वर्षांची. सोबत घर घेणाऱ्याला आणि कर्ज देणाऱ्याला वेगळ्या वॉरंट्या, आणि हे सगळं निभवायला ५० लाखांचा पीआय. दर घराला मला मिळणार दीडशे पौंड. ब्रोकरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, अशी हमी पीआयमध्ये धरत नाहीत. नेहमीच्या कसबाच्या आणि काळजीच्या पलीकडची जबाबदारी करारानं अंगावर घेतलीत तर ती तुमची तुम्ही भरायची. म्हणजे बिल्डर एका हातानं विम्याचं सर्टिफिकेट मागतो आणि दुसऱ्या हातानं असं कलम पुढं करतो, ज्यावर सही केली की ते सर्टिफिकेट त्या कलमापुरतं रद्दी.

आणि हमी कसली देऊ? त्याच साइटवर बाथटबचं पॅनेल काढून पाहिलं, तर मैलापाइप भिंतीतून जातो तिथं मूठ जाईल एवढं भगदाड. धुराची कांडी धरली, तर धूर सरळ रेषेत आत ओढला गेला. साइट मॅनेजरनं प्लंबरला बोलावलं नाही; रंगाऱ्याकडून कॉकची, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाची, नळी आणली, दिसणारी कड बुजवली आणि म्हणाला, 'घे आता रीडिंग.' घेतलं. पास झालं. ही कारागिरी रिपोर्टमध्ये लिहिली, तर त्याचं म्हणणं, 'एवढं कशाला लिहायचं?' दुसऱ्या दिवशी ब्रॉडबँडवाला येऊन त्याच भिंतीला आरपार भोक पाडून गेला असेल, त्याची हमीसुद्धा मीच द्यायची? माझा आकडा त्या दुपारचा आहे. भिंत मी बांधली नाही, पाइप मी घातला नाही, भोक मी बुजवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही बारा वर्षं रोज.

बस झाला उपरोध. बिल्डरसाहेब, झालेल्या कामाचे पैसे अडवून सही उकळणं याला व्यवहार म्हणत नाहीत, लुबाडणूक म्हणतात. हमी हवी असेल तर ज्यानं भोक ठेवलं त्या प्लंबरकडून घ्या, ज्यानं ते झाकलं त्या मॅनेजरकडून घ्या, आणि उरलेली स्वतः द्या. नफा तुम्ही घेतलाय. विमा कंपन्यांनाही सांगायचंय. २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीनंतर तुम्ही आगीशी संबंधित जबाबदारी पॉलिसीतून वगळायला लागलात, आणि घरात पंखा लावून तासाभरात निघणाऱ्या माणसालाही क्लॅडिंगची, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या आवरणाची, प्रश्नावली भरायला लावता. फॉर्म वाचून तरी पाठवत जा.

सगळ्यात जास्त राग मात्र माझ्याच धंद्यातल्या लोकांचा येतो. काम हातचं जाऊ नये म्हणून शंभर पौंडांत चाचणी करता, करार न उघडता सही ठोकता आणि पॉलिसी कधी वाचतही नाही. मग तुमच्या सहीचा कागद नाचवत तोच मॅनेजर मला विचारतो, 'यांना चालतं, तुम्हालाच काय धाड भरलीय?' दावा आल्यावर रात्री अकराला फोन करून मलाच विचारता, 'आता काय करू?' सही करताना का नाही विचारलंत?