‘एक्झिक्युटिव्ह असिस्टंट होऊ नका’ सांगणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गेले काही आठवडे एक मेसेज सगळीकडे फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघी याच कामात नुकत्या लागल्या आहेत आणि दोघींनी खाली एकच प्रश्न लिहिला होता : ‘हे खरं आहे का?’ मेसेज थोडक्यात असा : एक्झिक्युटिव्ह असिस्टंट, म्हणजे ईए, हे सेक्रेटरीचंच भारदस्त नाव. फोन घ्यायचे, तिकिटं काढायची, कॅलेंडर भरायचं. ते सगळं आता एआय करतं. वर चढायला शिडी नाही. गोड बोलता आलं की भागतं. आणि बॉस गेला की नोकरी गेली.

मी सतरा वर्षं हेच काम करते आहे, तेव्हा एकेक मुद्दा घेते.

‘काम म्हणजे कॅलेंडर भरणं.’ एका मंगळवारची गोष्ट सांगते. दुपारी साडेतीन ते चार एवढाच अर्धा तास माझ्या बॉसना, म्हणजे मॅडमना, मोकळा होता आणि तो दोघांना हवा होता. एका मोठ्या गुंतवणूकदाराच्या ऑफिसातून ‘अर्जंट’ म्हणून मेल आली होती, पाठोपाठ दोन फोन. दुसरी मेल एका इंजिनिअरची, दीड ओळीची : ‘मॅडमशी जरा बोलायचं होतं. घाई नाही.’ चार वर्षांत त्या माणसाने कधी वेळ मागितला नव्हता. शिवाय आधीच्या दोन महिन्यांत त्याच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू तीनदा पुढे ढकलला गेला होता. ढकलणारी मीच, त्यामुळे ते माझ्या चांगलं लक्षात होतं. ते ‘घाई नाही’ मला खटकलं.

गुंतवणूकदाराच्या ऑफिसला फोन लावून विचारलं, नेमकं काय हवंय? तिमाहीचा एक आकडा हवा होता. फायनान्सने तो वीस मिनिटांत पाठवला. अर्धा तास इंजिनिअरला दिला. तो राजीनामा लिहूनच आला होता. बोलणं सव्वा तास चाललं, तोवर पुढच्या दोन मीटिंगा मी हलवल्या, आणि तो माणूस थांबला. कॅलेंडरमध्ये या सगळ्याची नोंद काय? ‘३.३०, वन-ऑन-वन.’ मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेवढीच नोंद पाहिली असावी.

तिकिटांचंही असंच. तिकीट कोणीही काढेल. पण पासपोर्टची मुदत संपायला पाच महिने उरलेत आणि जायचंय तिथे सहा महिन्यांची मुदत लागते, हे दौरा ठरायच्या आधी कोणाला तरी दिसावं लागतं. नाहीतर माणूस विमानतळावरूनच परत येतो.

‘ते सगळं एआय करतं.’ बरंच करतं, मीही रोज वापरते. मीटिंगच्या मिनिट्सचा (इतिवृत्ताचा) कच्चा मसुदा, लांबलचक मेलचा सारांश, आठ जणांना जमेल असा स्लॉट शोधणं, यात माझे तास वाचतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या अंदाजातही या प्रकारच्या नोकऱ्यांची संख्या घटताना दिसते, आणि ते नव्या मुलींपासून लपवू नये. ज्यांच्या कामात फक्त टायपिंग आणि बुकिंग आहे त्यांनी जागं व्हायलाच हवं.

पण काय उरतं तेही पाहा. २०२५ मध्ये अमेरिकेने घड्याळं ९ मार्चला पुढे केली, ब्रिटनने ३० मार्चला. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर पाचऐवजी चार तासांचं होतं. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची मीटिंग लंडनला एरवी दुपारी दोनला पडते, ती एकला आली. सॉफ्टवेअरने ती बिनचूक सरकवली. आता एकच्या ठोक्याला लंडनच्या प्रमुखाची दुसरी मीटिंग आधीपासून असेल, तर टक्कर झाल्याचंही ते लगेच दाखवेल. हलायचं मात्र कोणी? गेल्या वेळी कोणी समजून घेतलं होतं, कोणाला पुन्हा विचारलं तर तो दुखावेल, आणि विचारायचं मेलवर की फोनवर? हा हिशेब ज्याच्या डोक्यात असतो त्याला मी ईए म्हणते.

‘वर चढायला शिडी नाही.’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मेसेजमधलं हेच वाक्य लोकांना सगळ्यात जास्त पटतं. अर्सुला बर्न्स १९८० मध्ये झेरॉक्स कंपनीत इंटर्न म्हणून आल्या. १९९० मध्ये त्या वेलँड हिक्स या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या एक्झिक्युटिव्ह असिस्टंट झाल्या आणि १९९१ मध्ये पॉल अलेअर या सीईओंच्या. २००९ मध्ये त्याच कंपनीच्या सीईओ झाल्या. त्या मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, त्यामुळे प्रत्येक ईएची वाट अशी जाईल असं मी म्हणणार नाही. पण निर्णय कसे घेतले जातात हे आतून पाहायला त्यांना त्याच खुर्चीवरून मिळालं. ॲन हायट यांची सुरुवात तर ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांच्या ऑफिसातली. पुढे त्या गूगलमध्ये, एकेकाळी तिथले सीईओ असलेल्या एरिक श्मिट यांच्या चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे त्यांच्या ऑफिसचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या, झाल्या. सीईओंचं ऑफिस, ऑपरेशन्स, बोर्डाचं कामकाज, चीफ ऑफ स्टाफ, अशा वाटा इथून फुटतात.

मग इतक्या जणी एकाच ग्रेडमध्ये का अडकतात? मीही अडकले होते. एका कंपनीत सहा वर्षं माझ्या अप्रेझलच्या फॉर्मवर एकच शब्द होता : ‘साहाय्य’. नीट पार पडलेला दिवस कोणाच्या लक्षात येत नाही, आणि आपण काय निस्तरलं हे आपणच सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार? म्हणून मी दर शुक्रवारी अर्ध्या पानाची नोट लिहायला लागले : कोणते निर्णय अडलेत, कोणाकडे अडलेत, या आठवड्यात काय मार्गी लागलं. वर्षअखेरीला ‘मदत केली’ऐवजी ‘नियमित मीटिंगा अकरावरून सातवर आणल्या, मॅडमचे आठवड्याला चार तास सुटले’ असं लिहिता आलं. ग्रेड त्याच वर्षी बदलली. कंपनीची चूक होतीच, पण सहा वर्षं गप्प मी बसले होते.

‘गोड बोलता आलं की भागतं.’ अजिबात नाही. सेक्रेटरी या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये ‘गुपित’ या अर्थाच्या शब्दात आहे आणि या कामाचं खरं ओझं तेच. एकदा नोकरकपातीची यादी मला पाच आठवडे आधी माहीत होती. त्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचं नाव होतं. त्याच दिवसांत ती नवीन घराच्या कर्जाबद्दल बोलायची. मी फक्त एवढंच केलं, मॅडमना दार लावून सांगितलं की यादी जाहीर करायला उशीर केला तर काही जण मोठे खर्च अंगावर घेऊन बसतील. तारीख दहा दिवस अलीकडे आली. मैत्रिणीला मी शेवटपर्यंत काही बोलले नाही. तिने मला माफ केलं, पण त्याला वर्ष लागलं. यात गोड बोलणं कुठे बसतं?

‘बॉस गेला की नोकरी गेली.’ हे अर्धं खरं आहे. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा दीड महिना मी रिकाम्या केबिनबाहेर बसून काढला. त्या दिवसांत उपयोगी पडली ती एक फाइल : बोर्डाची कागदपत्रं कधी, कोणाकडून, कोणत्या क्रमाने येतात, कोणत्या करारांच्या मुदती कधी संपतात, कोण कोणाशी बोलत नाही. नवे साहेब आले, तिसऱ्या दिवशी त्यांनी ती वाचायला मागितली आणि माझी बदली थांबली. जी फक्त एका माणसाच्या सवयी ओळखते तिला धोका आहे. कंपनी कशी चालते हे जिला माहीत आहे, तिला जाणारा बॉसही सोबत नेऊ पाहतो.

त्या दोघींना मी उत्तर पाठवलं ते असं : मेसेज विसरा, पण नवी जागा घेताना तीन प्रश्न विचारा. मला मेलबॉक्सचा पूर्ण ॲक्सेस मिळेल का? वरिष्ठांच्या साप्ताहिक मीटिंगला मी बसेन का? आणि माझ्या आधीची ईए आज कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला समोरच्याकडे उत्तर नसेल, तर ती जागा घेऊ नका.