देखभालीचे पैसे थांबवण्याआधी हिशेब मागा

'सेवा मिळत नसेल तर देखभाल शुल्क भरूच नका' हा फ्लॅटच्या देखभालीवरच्या लेखात दिलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या कलम १९(६) प्रमाणे देखभालीचा वाटा भरणं फ्लॅटधारकाची जबाबदारी आहे. पैसे थांबवले की देखभाल करणारी कंपनी आपल्याला थकबाकीदार ठरवते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. त्यापेक्षा रक्कम बँकेतूनच भरा, सोबत 'हरकत राखून' असं पत्र द्या, पोच घ्या.

खरी गडबड हिशेबात असते. हिंगणघाट-वरोऱ्यासारख्या ठिकाणी लहान स्कीममध्ये मोठा खर्च दोनच: सामाईक वीज मीटर आणि उन्हाळ्यातलं पाणी. मीटरचा ग्राहक क्रमांक घ्या, महावितरणच्या साइटवर बिल स्वतः पाहा आणि दर महिन्याचे युनिट लिहून ठेवा. मोटार तेवढीच चालूनही युनिट वाढत असतील तर त्याच मीटरवरून शेजारच्या बांधकामाला वीज जाते का ते तपासा. एप्रिल-मे मध्ये बोअर आटला की टँकरची बिलं येतात. प्रत्येक फेरीची तारीख, लिटर आणि एका रहिवाशाची सही वहीत नसेल तर ते बिल मान्य करू नका.

बिल्डरच कंपनी नेमून बसला असेल तर सोसायटी नोंदवा. रेरात नोंदलेल्या प्रकल्पात बहुसंख्य फ्लॅट बुक झाल्यापासून तीन महिन्यांत ती करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो टाळत असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकांकडे जा. सोसायटी झाल्यावर सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान, चौरस फुटावर नाही, हे आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांतच आहे.