कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणजे कान ठीक? खुलासा

‘मूल कुकरच्या शिट्टीला वळतं ना, मग कान उत्तम, बोलत नसेल तर जिभेखालचा पडदा कापा’ असा मेसेज सध्या मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. वाक्-श्रवण अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाच्या माझ्या दोन विद्यार्थिनींनीही तो मला पाठवला, म्हणून हा खुलासा.

शिट्टीचा आवाज मोठा असतो. अंशतः श्रवणदोष असलेलं मूल तिला वळेल, पण ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज त्याला निसटतील. ‘बस’ त्याच्या कानी नुसतं ‘ब’. मोठं झाल्यावर तपासू, हेही चूक: ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) तपासणी नवजात बाळाचीही होते, बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहणारी तपासणी) झोपेत करतात.

जिभेचं म्हणाल तर, पडदा आखूड असल्यास काही उच्चार अडतात, क्वचित. त्यामुळे भाषा खुंटत नाही. ‘काका’ला ‘ताता’ म्हणणं हा उच्चाराचा प्रश्न (लहानपणी तो असतोच). तीन वर्षांचं मूल ‘आई पाणी’ एवढंही जोडत नसेल तर तो भाषेचा. परीक्षेत विद्यार्थी या दोन्हींची हमखास गल्लत करतात!

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे. कात्रीआधी तिथे किंवा जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जा.